जुन्या टाटा मोबाईलला आरामाची सीट: बाकडी दुरुस्त करावी की दुसऱ्या गाडीची बसवावी?

संत्रापट्टा_वरुड

नमस्कार मंडळी.

घरी टाटा मोबाईल २०६ आहे, १९९१ चं मॉडेल, एकेरी केबिन. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, ही गाडी १९८८ मध्ये आणली आणि पुढं सिएरा याच सांगाड्यावर बांधली, हे इथल्या जाणकारांना सांगायला नको. इंजिन ठणठणीत आहे, बॉडीला गंज नाही आणि बाबा अजून स्वतः चालवतात. शेतातून संत्रा क्रेटमध्ये भरून वरुडला, येताना खत, पाइप, पेंड, जे लागेल ते.

अडचण सीटची आहे. पुढं सलग बाकडी सीट आहे आणि ड्रायव्हरच्या बाजूला तिला चांगलाच खोलगा पडलाय. बाबा त्या खोलग्यात रुततात आणि दाराकडं कलून बसतात. वय अडुसष्ट, उंची पाच फूट चार, कंबरेच्या मणक्याचा त्रास जुना. आता गाडीतून उतरल्यावर दोन मिनिटं दाराला धरून उभे राहतात, मग चालायला लागतात. गाडी विकायची नाही आणि त्यांना चालवू नका म्हणायचीही आमची इच्छा नाही.

गॅरेजवाला म्हणतो भंगारातून बोलेरोच्या नाहीतर सुमोच्या दोन सीट आणून बसवून देतो. मेहुण्यांचं म्हणणं, करायचंच तर स्कॉर्पिओच्या घ्या. बाबा म्हणतात, हीच गादी भरून आणा. आंबिया बहराच्या संत्र्याचा तोडा सुरू व्हायच्या आत काम उरकायचंय. तुम्ही काय कराल?

काळीमाती_दारव्हा

भाऊ, सीट बदलाच्या आंधी गाडीखाली पाहा. पाटे, म्हंजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्याच्या स्प्रिंगा, कायचे हायेत? शॉकअप कधी बदलले होते? पिकअपचे मागचे पाटे भरल्या गाडीसाठी असतात. रिकामी गाडी आपल्या पांदण रस्त्यानं नेली का थे उडतेच. त्यात टायरात भरल्या गाडीची हवा तशीच ठेवली तर कोणतीबी सीट आणा, कंबर दुखनच.

मायाजवळ बी जुनी पिकअप हाये. शॉकअप नवे टाकले, पाट्याच्या पानामधात ग्रीस घातलं, पिनाचे बुश बदलले. निम्मा तरास तेथंच गेला. सीट नोका बदलू असं मी म्हणत नाई, पण पयले खालचं काम करा. नाईतर नव्या सीटले बी नावं ठेवत बसान.

संत्रापट्टा_वरुड

बरोबर बोललात भाऊ. मागचे शॉकअप तेल गळतात, बदलायला टाकतो. हवेचं मात्र डोक्यातच नव्हतं, आमच्याकडं बारा महिने एकच हवा असते.

हायवे_हिंगणघाट

मी मेहुण्यांच्या बाजूनं. आजच्या गाड्यांच्या सीटमागं कंपन्यांचा अभ्यास असतो. कंबरेला उठाव, मांडीला आधार, डोक्याला टेका, सगळं आयतं मिळतं. अपघातातल्या गाडीची न वापरल्यासारखी सीट भंगारात मिळून जाते. गादीवाल्याकडं जुनी बाकडी भरून आणली की दोन वर्षांत पुन्हा तोच खोलगा. खर्च एकदाच करा, पण चांगला करा.

गॅरेज_मूर्तिजापूर

हिंगणघाटच्या भाऊंचा मुद्दा कारसाठी शंभर टक्के खरा आहे. पिकअपच्या केबिनमध्ये गणित बदलतं. आमच्याकडं असं काम नेहमी येतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकेरी केबिनमध्ये पाठीच्या लगेच मागं पत्रा असतो. कारमध्ये सीट मागं सरकवता येते, पाठ मागं झुकवता येते. इथं त्यातलं काहीच होत नाही. आता जुन्या बाकड्याची पाठ पातळ असते आणि नव्या गाडीच्या सीटची पाठ तिच्या दुप्पट जाड. ती पत्र्याला चिकटवून लावली तरी ड्रायव्हर तेवढा पुढं येतो. जुन्या गाडीचं स्टेअरिंग मोठं, ते पोटाला लागायला लागतं आणि गुडघा खालून अडतो. स्कॉर्पिओची सीट म्हणून तर मी मुळीच सुचवणार नाही, तिची पाठ आणि बूड दोन्ही मोठं.

दुसरं, सीटचे पाय. कारची सीट त्या कारच्या फ्लोअरच्या आकाराला धरून केलेली असते. पुष्कळ गाड्यांत आतल्या बाजूचा पाय आखूड आणि दाराकडचा लांब असतो, किंवा पुढचे-मागचे वेगळे. सपाट फ्लोअरवर ती ठेवली की तिरकी बसते. मग अँगलची फ्रेम बनवावी लागते, फ्रेमवर रनर (सीट पुढं-मागं सरकवायची पट्टी), रनरवर सीट. एवढं सगळं मिळून माणूस वर उचलला जातो. डोकं छताजवळ जातं आणि पाय क्लचला पुरत नाही. बाबांची उंची पाच फूट चार आहे, छताची काळजी नाही, पण क्लचची नक्की आहे.

तिसरं, बाजूचे उठाव. बकेट सीटला, म्हणजे एकट्या माणसाच्या वेगळ्या सीटला, मांडीच्या दोन्ही बाजूंना उंच कडा असतात. हायवेवर त्या बऱ्या वाटतात. शेतावर दिवसाकाठी वीस वेळा चढउतर करणाऱ्या माणसाला दर वेळी त्या कडेवरून घसरावं लागतं, आणि कंबरदुखीच्या माणसाला नेमकी तीच हालचाल नको असते. शिवाय पॉवर स्टेअरिंग नसलेली गाडी वळवताना खांदे हलायला मोकळे लागतात.

तरीही दुसऱ्या गाडीची सीट लावायचीच असेल तर पातळ पाठीची, सपाट बुडाची, साध्या रनरची बघा. जुन्या सुमोच्या किंवा व्हॅनच्या पुढच्या सीटा त्यातल्या त्यात जमतात. घ्यायच्या आधी टेप घेऊन जा. फ्लोअरपासून बसायच्या जागेपर्यंत किती, पाठीच्या टोकापासून स्टेअरिंगपर्यंत किती, रनरच्या दोन भोकांतलं अंतर किती, हे आपल्या गाडीचं लिहून न्या आणि तिथं सीट मोजा. अंदाजानं आणलेली सीट भंगारवाला परत घेत नाही. शिवणीतून पिवळी वायर निघालेली किंवा एअरबॅग असं लिहिलेली सीट घेऊच नका.

फिजिओ_वर्धा

संत्रापट्टा दादा, बाबांसाठी थोडं लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ट्रॅक्टर आणि मालगाडी चालवणारे बरेच जण कंबर घेऊन येतात.

माणसाचं धड वरखाली हलणाऱ्या कंपनांना सगळ्यात हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ हेलकाव्यांच्या पट्ट्यात. साधी फोमची सीटसुद्धा साधारण ४ च्या आसपास स्वतः डोलते. म्हणजे मऊ, जाड गादीवर बसलं की आराम वाटतो, पण खराब रस्त्यावर तीच गादी धक्का कमी करण्याऐवजी वाढवूही शकते. वर ती तळाला टेकली की थेट लोखंडाचा मार मणक्याला. म्हणून "मऊ करा" असं गादीवाल्याला सांगू नका. बाबा बसल्यावर जी दबेल पण तळाला टेकणार नाही, ती सीट बरोबर.

बसण्याची ठेवण याहून महत्त्वाची. दोन्ही बाजूचं बूड एका पातळीत हवं. आत्ता खोलग्यामुळं बाबांचं कंबरेचं हाड एका बाजूला झुकतंय, आणि माझ्या मते त्रासाचं मोठं कारण तेच आहे. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाय ताणून कंबर पुढं घसरता कामा नये. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची खोबण यांत दोन-तीन बोटं जागा ठेवा, कड गोल करा. पाठ काटकोनापेक्षा थोडी मागं, १०० ते ११० अंशांत. कमरेच्या पट्ट्याच्या उंचीवर पाठीला हलका उठाव हवा, पण तो बाबांना बसवून ठरवा, कारण तो दोन इंच वर-खाली झाला तरी टोचतो.

मागच्या खिशातलं पाकीट आधी काढायला सांगा. आणि उतरल्यावर लगेच क्रेट उचलू देऊ नका. बराच वेळ बसून हादरे खाल्लेल्या कंबरेनं वजन उचलणं धोक्याचं असतं. पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर सीटचं नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा.

संत्रापट्टा_वरुड

ताई, खूप आभार. मुंग्या येत नाहीत, विचारून घेतलं. पाकीट मात्र खिशातच असतं आणि त्यात निम्म्या मार्केटच्या चिठ्ठ्या. आजपासून ते डॅशबोर्डवर.

हायवे_हिंगणघाट

मूर्तिजापूरच्या भाऊंचं पटलं. जाड पाठीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण बाकड्याला डोक्याचा टेका नसतो आणि पिकअपमध्ये डोक्यामागं थेट काच असते. मागून कुणी ठोकलं तर? एवढ्यासाठी तरी मी वेगळ्या सीटच्या बाजूनं आहे.

गॅरेज_मूर्तिजापूर

हे अगदी बरोबर. त्यावर उपाय बाकड्यातही आहे. पाठीच्या पाइपाच्या फ्रेमला दोन उभ्या नळ्या वेल्ड करून हेडरेस्ट बसवता येतो. नळी फ्रेमलाच जोडायची, नुसत्या फोममध्ये खोचलेला हेडरेस्ट कामाचा नाही. उंची अशी की डोक्याचा मागचा भाग टेकेल, मानेत रुतेल अशी नको.

बेल्टचं पण पाहा. आपल्याकडं पुढच्या सीटला बेल्ट १९९४ पासून सक्तीचे झाले, त्याआधीच्या गाडीत असतीलच असं नाही. लावताना पत्र्याला नुसतं भोक पाडून बोल्ट मारू नये. मागून जाड पट्टी द्यायची, म्हणजे झटका एका भोकावर येत नाही. सीटच्या बोल्टलाही हाच नियम. डोक्यावर ८.८ लिहिलेले बोल्ट वापरा, खाली मोठे वॉशर.

जुनीजीप_चांदूर

जीपवर बांधलेली महिंद्राची जुनी पिकअप मी घरी उभी केली आहे, तिच्या अनुभवावरून दोन गोष्टी.

एक जिवाची. सीजे-३बी सारख्या जुन्या जीपमध्ये डिझेल-पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. सीटच्या पायाला वेल्डिंग करायचं तर सीट गाडीबाहेर काढूनच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण आत वाफ असते. टाटा मोबाईलवाल्यांनीही काम सुरू करायच्या आधी खाली वाकून टाकी आणि डिझेलच्या नळ्या कुठून जातात ते पाहावं.

दुसरी कागदाची. आरसी बुकावर आसनक्षमता लिहिलेली असते. बाकड्यावर ड्रायव्हर धरून तीन लिहिले असतील आणि तुम्ही दोन बकेट सीटा लावल्या, तर बुक आणि गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आरटीओची परवानगी काढावी लागते. मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांपुढच्या गाडीला दर वर्षी फिटनेस (आरटीओची तपासणी) असतो आणि तिथं हे पाहिलं जाऊ शकतं. तीच बाकडी दुरुस्त केली तर हा प्रश्नच येत नाही.

आपण बोलताना अशा गाड्यांना सरसकट व्हिंटेज म्हणतो. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी गाडीच व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि त्या नंबरवर रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला गाडी वापरता येत नाही. संत्रा वाहणाऱ्या गाडीनं त्या वाटेला जाऊ नये. ज्यांची गाडी त्या वयाची आहे त्यांनी मात्र मूळची सीट फेकू नये, मोडकी असली तरी जपून ठेवावी.

गादीवाला_खामगाव

आमचा घरचाच धंदा सीट-गादीचा, वडिलांपासून. बाबांचं ऐका. हीच गादी भरून आणा, पण नुसती भरून आणू नका, पूर्ण उसवून नव्यानं बांधा. दोन वर्षांत पुन्हा खोलगा पडतो असं हिंगणघाटच्या भाऊंनी लिहिलं. पडतो, जेव्हा वरचं रेक्झिन काढून खोलग्यात फोमचा तुकडा कोंबतात आणि पुन्हा शिवून देतात. ते काम एका दुपारचं असतं म्हणून सगळीकडं तसंच होतं.

तुमची सीट उसवली की आत काय निघेल ते सांगतो. सगळ्यात वर रेक्झिन, त्याखाली भुगा झालेला फोम, हात लावला की पिवळी पूड होणारा. त्याखाली रबर मारलेल्या काथ्याची चटई, ती एका जागी दबून पापडासारखी झालेली. आणि काथ्यात उंदराचं घर, सरकीच्या टरफलासकट. त्याखाली तारेच्या नागमोडी स्प्रिंगा. ड्रायव्हरच्या बाजूच्या एक-दोन तुटलेल्या असतील किंवा फ्रेमच्या हुकातून निघालेल्या. तुमचा खोलगा तिथं आहे. वर कितीही फोम घाला, खाली आधारच नाही तर तो आत जाणारच.

म्हणून काम तळापासून. फ्रेम घासून तडे पाहायचे. कोपऱ्यातले वेल्ड सुटलेले असतात, ते भरून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारायचा. ड्रायव्हरच्या बाजूच्या सगळ्या स्प्रिंगा एकदम नव्या, एक जुनी एक नवी असं नाही, नाहीतर बूड पुन्हा एका अंगावर जातं. स्प्रिंगा आडव्या तारेनं एकमेकींना बांधायच्या. त्यावर जाड नमदा (दाबलेल्या लोकरीचा थर), नमदा नाही मिळाला तर दुहेरी बारदान ताणून. हा थर गाळला की स्प्रिंग फोमला खालून कापत जाते.

फोम दोन थरांत. खाली रिबाँडेड, म्हणजे तुकडे दाबून केलेला घट्ट फोम, दोन इंच. वर ४० डेन्सिटीचा एचआर, म्हणजे दाबला की लगेच वर येणारा, फोम, अडीच-तीन इंच. खालचा थर तळाला टेकू देत नाही, वरचा अंगाला बसतो. पाठीला ३२ डेन्सिटी पुरते.

डेन्सिटीवर लोक फसतात. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही, एका घनमीटर फोमचं किलोत वजन. कमी डेन्सिटीचा फोमही कडक करून विकतात, दुकानात बोट दाबलं की छान वाटतो आणि वर्षात बसतो. दुकानदारानं ४० सांगितली तर एक फूट बाय एक फूट, चार इंची तुकडा काट्यावर ठेवा. खरा ४० चा असेल तर पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरेल. सव्वादोनशेच्या आत भरला तर तो २३ चा आहे.

आता कव्हर. काळं रेक्झिन नको. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीतल्या काळ्या रेक्झिनवर हात ठेववत नाही. घामानं पाठ चिकटली की माणूस सारखा जागा बदलतो, आणि कंबरेला तेही बरं नाही. कडेला आणि बाजूला फिकट रेक्झिन, कारण चढताना तिथं घासतं आणि चिखल पुसता येतो. बसायच्या आणि टेकायच्या जागी जाड विणीचं कापड. वरून सुती खोळ, धुता येईल अशी, दोन जोड शिवून घ्या. फवारणीच्या दिवसांत कपड्यांवरचं औषध सीटला लागतं, खोळ असली की काढून धुता येते.

शेवटचं. शिवायच्या आधी बाबांना आणा. आम्ही फोम नुसता ठेवून गिऱ्हाइकाला बसवतो, क्लच दाबल्यासारखा पाय ताणायला सांगतो आणि मग फोम तासतो. सीट माणसाच्या मापाची व्हायला पाहिजे. जो गादीवाला माणूस न बघता "ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा" म्हणतो, त्याच्याकडं देऊ नका.

काळीमाती_दारव्हा

खामगावच्या दादा, लय मोठं काम केलं तुमी हे लिहून. मी एक इचारतो. ट्रॅक्टरले येते तशी स्प्रिंगची, वजनानुसार सेट होनारी सीट पिकअपमधात नाई बसत का? आमच्या इकडं एका पोरानं आनली हाये, बसवाची बाकी हाये.

गॅरेज_मूर्तिजापूर

तत्त्व उत्तम आहे भाऊ. ती सीट सेकंदाला दीड-दोन हेलकाव्यांवर डोलते, म्हणून ताईंनी सांगितलेल्या ४ ते ८ च्या पट्ट्यातला मार ती खरंच कापते. पण तिला खाली जागा लागते, वरखाली जायलाही जागा लागते. ट्रॅक्टरवर डोक्यावर आभाळ असतं. पिकअपच्या केबिनमध्ये मोठ्या खड्ड्यात डोकं छताला लागेल, आणि सीट खाली जाताना पाय पेडलवरून सुटेल. फॉरवर्ड कंट्रोलच्या, म्हणजे इंजिनावर केबिन असलेल्या गाडीच्या, उंच केबिनमध्ये जमतं. त्या पोराला सांगा, बसवायच्या आधी पूर्ण दाबून आणि पूर्ण वर सोडून दोन्ही वेळा माप घे.

संत्रापट्टा_वरुड

मंडळी, काम झालं, म्हणून लिहितो.

बाकडीच ठेवली. सीट उसवली तेव्हा खामगावच्या दादांनी लिहिलं होतं तसंच आत निघालं, उंदराच्या घरासकट. ड्रायव्हरच्या बाजूच्या मधल्या दोन स्प्रिंगा हुकातून सुटून फ्लोअरला टेकल्या होत्या. बाबा इतके दिवस अक्षरशः पत्र्यावर बसत होते. ते बघून फार वाईट वाटलं.

मोर्शीला एक म्हातारे कारागीर मिळाले. तळापासून सगळं नवं केलं. फोमचा तुकडा काट्यावर ठेवा म्हटल्यावर त्यांना रागच आला, पण ठेवला, आणि वजन बरोबर भरलं. बाबांना दोनदा बसवलं. पट्ट्याच्या उंचीवरचा उठाव पहिल्यांदा जास्त झाला होता, तो तासून कमी केला. दाराकडची कड चढउतरीसाठी किंचित उतरती केली, ही त्या कारागिरांची स्वतःची युक्ती. हेडरेस्टच्या नळ्या सीट बाहेर काढून वेल्ड केल्या. मागचे शॉकअप नवे, रिकाम्या गाडीला हवा कमी.

बाबा आता सरळ बसतात. उतरल्यावर थांबावं लागतं, पण दार धरावं लागत नाही. ताई, क्रेट उचलायचं त्यांनी अजून सोडलेलं नाही, त्यासाठी शेतावर एक पोरगा ठेवलाय आणि रोज आठवण करून देतो. बेल्टचं काम पुढच्या आठवड्यात मूर्तिजापूरला आणून करून घेईन म्हणतो, भाऊ, वेळ असेल तर कळवा.

गॅरेज_मूर्तिजापूर

या की. मंगळवार सोडून कधीही. गाडी रिकामी आणा, आणि बाबांना घेऊन या, बेल्टची उंची त्यांच्या खांद्यावर धरावी लागेल.

जुनीजीप_चांदूर

छान बातमी. खामगावच्या दादांना एक विचारायचं होतं. शिवणीला दोरा कोणता? माझ्या सीटची शिवण उन्हानं दोन उन्हाळ्यांत उकलते.

गादीवाला_खामगाव

सुती दोरा असेल तर उकलणारच, ऊन आणि घाम दोन्ही त्याला खातात. जाड पॉलिएस्टरचा दोरा घ्या, उन्हात नायलॉनपेक्षाही तो जास्त टिकतो. टाके फार जवळ घालू नका, रेक्झिनला ओळीनं भोकं पडून ते कागदासारखं फाटतं. आणि बसायच्या जागी मधोमध शिवण येऊ देऊ नका, जोड कडेला घ्या.